गाडी नवी, वेळ कोणाची?

शाळेच्या हजेरीपुस्तकात उशिरा येणाऱ्या शिक्षकाच्या नावापुढे तांबड्या शाईने खूण करण्याचा प्रघात फार जुना आहे. गोरव्यातील आमची शाळा त्यास अपवाद नाही. अशा तीन खुणा झाल्या की एक किरकोळ रजा कापली जाते, आणि ती खूण करण्याचे अप्रिय काम मुख्याध्यापकाकडे असते. गेली कित्येक वर्षे ते मी करीत आलो. आणि खरे सांगायचे तर ते करताना माझा हात कधी अडखळला नाही. तो प्रथम अडखळला त्याचे कारण मात्र बडोद्यात घडले नव्हते, बदलापुरात घडले होते. म्हणून ही हकीकत थोडी दुरून सांगावी लागते.

आपल्या बडोद्यात ‘अपडाऊन’ हा शब्द गुजराती, मराठी की इंग्रजी, हे विचारण्याच्या पलीकडे गेला आहे. बँकेतील कारकून, कारखान्यातील कामगार, महाविद्यालयातील विद्यार्थी आणि आमचे शिक्षकबंधू-भगिनी आसपासच्या गावांहून रोज सकाळी येतात आणि दिवेलागणीला परततात. ‘ते अपडाऊन करतात’ एवढे सांगितले की त्या माणसाच्या दिनक्रमाविषयी अधिक विचारावे लागत नाही. आमच्या शाळेतील एक बाई अशाच शेजारच्या एका गावाहून येत. गाडीतून उतरून, अलकापुरीच्या बाजूने बाहेर पडून, रिक्षा पकडून त्या प्रार्थनेच्या घंटेपूर्वी पाच मिनिटे शाळेत हजर असत. काही वर्षांपूर्वी नवे वेळापत्रक आले आणि त्यांची गाडी वीस मिनिटांनी पुढे गेली. आठवडाभरात तीन तांबड्या खुणा झाल्या. ‘‘सर, गाडीची वेळ बदलली आहे,’’ असे त्या म्हणाल्या. ‘‘मग बाई, आधीच्या गाडीने येत जा,’’ असे मी म्हणालो. संभाषण तेथेच संपले. आधीची गाडी किती वाजता सुटते हे मी विचारले नाही.

आगगाडीच्या बाबतीत बडोदेकरांचा अभिमान तसा अनाठायी नाही. मुंबईहून आपल्याकडे येणारा हा रूळ वास्तविक उलट्या बाजूने बांधत नेलेला आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी १८६० साली उत्राण ते अंकलेश्वर सुरू झाली, १८६१ च्या आरंभी ती बडोद्यास पोहोचली, आणि मुंबईला हा मार्ग मिळाला तो त्यानंतर, १८६४ साली. शिवाय १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या राज्यात मियागाम ते डभोई ही अरुंद मापाची वीस मैलांची लोहवाट सुरू झाली, आणि तिच्यावर आरंभी गाडी ओढीत ते बैल! त्या गाडीचे वेळापत्रक कसे असेल याची कल्पना करून पाहावी. बैल थकला तर उतारूंनी काय म्हटले असेल? बहुधा काहीच नाही. कारण त्या काळी कोणाचीही चूल, शाळा वा नोकरी त्या गाडीच्या मिनिटाला बांधलेली नव्हती.

मुंबईत मात्र ती लवकरच बांधली गेली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, आणि पश्चिमेकडील मार्गावर ती १९२८ च्या जानेवारीत आली. विजेची गाडी चटकन वेग घेते व चटकन थांबते. त्यामुळे एकाच रुळावर एकीमागून एक अशा पुष्कळ गाड्या सोडणे शक्य झाले. मुंबईकर ‘सकाळची गाडी’ म्हणत नाही, ‘आठ अठ्ठावीस’ म्हणतो, तो त्यामुळेच. गाड्यांना नावे नसून मिनिटे आहेत, आणि प्रत्येक मिनिटामागे ठराविक माणसांचा एक गाव आहे.

आता नव्या गाड्यांकडे वळू. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर बोरिवली ते चर्चगेट अशी पहिली वातानुकूलित लोकल धावली. पेरांबूरच्या कारखान्यात तयार झालेली बारा डब्यांची ही गाडी. हिची दारे आपोआप बंद होतात, आणि ती बंद झाल्याखेरीज गाडी हलत नाही. मध्य रेल्वेवर अशी गाडी २०२० च्या जानेवारीअखेर ठाणे-पनवेल मार्गावर आली व त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुख्य मार्गावर. ही बातमी वाचली तेव्हा, घामाने निथळणारी मुंबईची गर्दी आठवून, मला मनापासून आनंद झाला होता. त्यामुळे १९ ऑगस्ट २०२२ रोजी कळव्याच्या कारशेडजवळ प्रवाशांनी हीच गाडी अडविली आणि २२ तारखेला बदलापूर स्थानकात रात्री मोठा जमाव संतापून जमला, हे वर्तमानपत्रात वाचून मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणालो, ‘‘आपल्या लोकांना सुख सोसत नाही!’’ अपडाऊन करणाऱ्या त्या बाई तेथेच वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्या वर्षी दिवाळीत मी बदलापूरला गेलो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गिरगावातील चाळ सुटल्यापासून तेथे मुलाकडे असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे अडुसष्ट किलोमीटर. भाचेसून भायखळ्याला एका कचेरीत नोकरी करते. घर तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही. अक्काच्या गुडघ्यांना आता तो जिना झेपत नाही, तेव्हा नातवाला संध्याकाळी शिकवणीहून आणण्याचे काम सुनेचेच. फराळाच्या वेळी मी कळव्या-बदलापूरच्या आंदोलनाचा विषय काढला, आणि ज्ञानी माणसाच्या थाटात म्हणालो की, नव्या गोष्टीला विरोध करणे ही आपली जुनी खोड आहे.

‘‘मामा,’’ ती म्हणाली, ‘‘गाडी नवीन आली असती तर आम्ही तिला हार घातला असता. ती आमच्या गाडीच्या जागी आली.’’

मग तिने सांगितले ते असे. १९ ऑगस्टपासून मध्य रेल्वेने वातानुकूलित फेऱ्या ५६ वरून ६६ केल्या. पण या दहा फेऱ्या वाढविलेल्या नव्हत्या. दहा साध्या गाड्या काढून त्यांच्या वेळेला दहा थंड गाड्या घातल्या होत्या. त्यांत संध्याकाळची बदलापूरला जाणारी एक होती, आणि तीच हिची गाडी. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास त्या गाडीत चालत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वातानुकूलित गाडीचे एकेरी भाडे निम्म्याने उतरविले होते हे खरे. परंतु पासाची किंमत होती तशीच ठेवली होती. म्हणजे सवलत मिळाली ती कधीमधी जाणाऱ्याला, रोज जाणाऱ्याला नव्हे. ‘‘गाडी आली नाही असे असते तर एक वेळ समजूत पटली असती,’’ ती म्हणाली. ‘‘गाडी वेळेवर येत होती. आमच्यासमोर उभी राहत होती. दारे उघडत होती. आत जागाही असायची. आणि आम्ही फलाटावर उभ्या.’’

पुढच्या गाडीत मग दोन गाड्यांची माणसे. ज्या बायकांबरोबर ती आठ वर्षे प्रवास करीत होती, ज्यांच्यासोबत डब्यातच भाजी निवडून होई आणि संक्रांतीचे हळदीकुंकूही होई, त्या सगळ्या पांगल्या. ज्या गाडीत जिला शिरता येईल तिने शिरावे. घरी येईतो पाऊण तासाचा उशीर. शिकवणीच्या बाईंनी पहिल्या दिवशी मुलाला बसवून घेतले. नंतर त्यांच्याही घरी स्वयंपाकाची वेळ, तेव्हा दोन दिवस पोर जिन्याच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. सहा वर्षांचे पोर! अक्का खिडकीत, सून कल्याणच्या पुढे कोठेतरी, आणि पोर पायरीवर.

‘‘पण हे सारे जेमतेम आठवडाभरच ना?’’ मी विचारले. कारण २५ ऑगस्टपासून रेल्वेने त्या दहाही फेऱ्या मागे घेतल्या होत्या.

‘‘आठवडाभरच झाले, कारण लोक जाऊन धडकले,’’ अक्का म्हणाली. ती सहसा अशा विषयात बोलत नाही.

बडोद्यास परतल्यावर या प्रकरणाची जमेल तेवढी माहिती मी मिळविली. मास्तरकीची सवय, प्रश्न कळल्याशिवाय उत्तर तपासता येत नाही. यात रेल्वेची अडचण खरी आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. एका रुळावर दोन गाड्यांमध्ये तीन-चार मिनिटांचे अंतर ठेवावेच लागते. सिग्नलची रचनाच तशी आहे. सकाळ-संध्याकाळच्या घाईच्या वेळी यातील प्रत्येक पाळी आधीच भरलेली असते. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे तर २०२२ साली येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे दोनच रूळ होते, आणि पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही त्याच रुळांवरून जात. तेव्हा कारखान्यातून गाडी कितीही सुंदर येवो, तिला धावायला पाळी हवी. ती मोकळी नसेल तर कोणाची तरी घ्यावी लागते. शाळेत नवा विषय आला की तास कोणाचा काढायचा, हे कोडे मुख्याध्यापकाला दर जूनमध्ये पडते. आणि बहुधा जो शिक्षक तक्रार करीत नाही त्याचाच तास जातो.

रूळ वाढले की चित्र बदलते, याचे उदाहरण त्याच वर्षीचे आहे. ठाणे ते दिवा पाचवा व सहावा मार्ग जोडण्यासाठी २०२२ च्या फेब्रुवारीत ७२ तासांचा महाब्लॉक घेतला गेला. तीन दिवस लोकांनी हाल सोसले, बसगाड्यांच्या रांगा लावल्या; पण दगड उचलला नाही. त्यातून ३६ फेऱ्या खरोखर नव्या मिळाल्या. मात्र या ३६ पैकी ३४ वातानुकूलित होत्या, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

नव्या गाडीचे आणखी एक लहानसे, पण वेळापत्रकाला जाचणारे लक्षण आहे. तिची दारे मिटल्याशिवाय ती निघत नाही. साध्या लोकलमध्ये चार माणसे दारात लोंबकळत असली तरी मोटरमन गाडी सोडतो. येथे एका माणसाची पिशवी दारात अडकली की गाडी उभी, आणि तिच्यामागच्या साऱ्या गाड्या उभ्या. एकेका स्थानकावर अर्धा मिनिट गेला तरी शेवटच्या स्थानकापर्यंत दहा-बारा मिनिटे होतात, आणि ती दुसऱ्याच गाडीतील माणसाच्या हजेरीपुस्तकात तांबड्या शाईने उमटतात.

तरीही ही दारे नकोत असे कोण म्हणेल? मुंबईच्या उपनगरी रुळांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली. काही रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांवर घासून खाली पडली. त्याच दिवशी चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर रेल्वेने जाहीर केले की यापुढच्या सर्व नव्या लोकलना बंद होणारी दारे असतील, आणि साध्या डब्यांतही छतातून हवा घेण्याची सोय करून तशी दारे बसविली जातील. हा दुसरा निर्णय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बंद दार हे थंड हवेचे भाडे भरणाऱ्यालाच का मिळावे? साध्या गाडीतून जाणाऱ्याचा जीवही पडल्यावर तेवढाच जातो. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मध्य रेल्वेने आणखी १४ फेऱ्या वातानुकूलित केल्या, ६६ च्या ८० झाल्या, आणि दिवसाच्या एकूण फेऱ्या १८१० होत्या तितक्याच राहिल्या. गणित अगदी तिसरीचे आहे. एकूण तीच, आणि एका रकान्यात १४ वाढल्या, तर दुसऱ्या रकान्यातून किती गेल्या? मुंब्र्याच्या अपघाताचा या फेरबदलाशी संबंध जोडण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही व तसा तो मी जोडीतही नाही. परंतु साध्या गाड्या कमी झाल्या की उरलेल्यांच्या दारातील गर्दी वाढते, हे समजण्यास माहितीची गरज नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी त्या बाईंना कचेरीत बोलावून विचारले, ‘‘बाई, तुमची आधीची गाडी किती वाजता असते?’’ त्यांना प्रथम मेमो मिळतो आहे असे वाटले असावे. मग म्हणाल्या, ‘‘सव्वा तास आधी, सर. तेव्हा घरात दोन्ही मुले झोपलेली असतात.’’ त्यांचे यजमान पहिल्या पाळीला कामावर जात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. एकाच शाळेत सहा वर्षे काम करीत होतो.

तांबड्या खुणा शाईच्या असतात. त्या पुसता येत नाहीत, आणि कापलेली रजा परत देण्याचा अधिकार मला नाही. पहिला तास बदलणे तेवढे हातात होते. प्रार्थना व हजेरीचा वर्ग दुसऱ्या एका गुरुजींनी आनंदाने घेतला, त्याबद्दल बाई त्यांचा शेवटचा तास घेऊ लागल्या. त्याच आठवड्यात कचेरीच्या भिंतीवर, शाळेच्या वेळापत्रकाशेजारी, दोन्ही दिशांच्या सकाळच्या गाड्यांचा एक तक्ता मी स्वतःच्या अक्षरात करून लावला. पुढे बाईंची त्यांच्या गावाजवळच्या शाळेत बदली झाली. तक्ता अद्याप तेथेच आहे. त्यावरील वेळा आतापर्यंत दोनदा खोडून नव्या लिहिल्या आहेत.