कायद्याचे कपाट

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, असे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. तो ठाऊक कुठून व्हावा, हे मात्र कोणी शिकवले नाही. शहापूर-मुरबाडच्या टापूत हा प्रश्न पुस्तकी नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे येथलीच, समृद्धी महामार्गाखाली गेलेल्या जमिनी येथल्याच, आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वनपट्ट्यांचे दावेही येथलेच.

पूर्वी निवाड्यांचे जाडजूड ग्रंथ वकिलांच्या कपाटात असत. नागपूरचे 'ऑल इंडिया रिपोर्टर' हे त्यांतले मोठे नाव. वस्तुतः न्यायालयाचा निकाल ही कोणा प्रकाशकाची मिळकत नव्हे. न्यायालयाची मनाई नसेल तर निकाल छापण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मोकळीक देते. तरी वाद झालाच. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, संपादकाने स्वतःच्या बुद्धीने घातलेली भर त्याची, पण निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा. पुढच्याच महिन्यात सुशांत सिन्हा या संगणकशास्त्राच्या संशोधकाने 'इंडियन कानून' सुरू केले. गृहस्थ वकील नव्हेत, हे मला विशेष वाटते! कलमाचा शब्द घातला की त्यावरचे निकाल समोर येतात, आणि वाचायला पैसे पडत नाहीत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने असेच काम १९९२ मध्ये आरंभले होते. पुढे अशा अनेक देशांतील संस्थांनी २००२ साली माँट्रियल येथे एकत्र येऊन कायद्याच्या मुक्त उपलब्धतेचा जाहीरनामा केला.

याचा आपल्या पाड्यावर उपयोग काय? २००६ चा वनहक्क कायदा घ्या. आदिवासी दावेदाराची वहिवाट १३ डिसेंबर २००५ पूर्वीची असावी लागते. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही असे सांगितले, की अडाणी माणूस मान खाली घालून परततो. पण २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, उपग्रहाचे चित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा ते घेऊ शकत नाही. गावातील म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे. मात्र तो म्हातारा स्वतः दावेदार नसावा. दावा नाकारल्यास कारणे लेखी द्यावी लागतात आणि दाद मागण्यास साठ दिवस असतात. एवढे चार नियम हाती असले तर कचेरीतले बोलणे बदलते. मुरबाड भागात श्रमिक मुक्ती संघटनेसारख्या संघटना वनहक्कांसाठी झटत आल्या आहेत. कायदा पाड्यापर्यंत जातो तो अशा माणसांच्या तोंडून.

कारण खरी अडचण भाषेची आहे. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठीत मिळतात, परंतु ते मराठी वाचूनही पुष्कळदा वकीलच गाठावा लागतो. आपल्या मराठी विभागाने येथे हात घालावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आक्षेपही आहे: निकाल खुला झाला की घरची भांडणे नावानिशी जगापुढे येतात. तो मला रास्त वाटतो. पण त्यासाठी नावे झाकता येतील, निकाल कशाला झाकायचा?

आणि वनहक्क समित्यांचे निर्णय तर या संग्रहात नसतातच. त्यांची नक्कल माहितीच्या अधिकारात मागावी लागते: अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला दोन रुपये, आणि तीस दिवसांची वाट.