आत उतरण्याआधी

मार्च 2019 ची गोष्ट. मराठवाड्यात दुष्काळ होता. विहिरी आटल्या होत्या. आपल्या शहराच्या कडेला काही शेतकरी ड्रेनेजच्या चेंबरातले पाणी मोटरीने पिकाला देत. त्या कामासाठी माणसे चेंबरात उतरली. आत विषारी वायू होता. एकाला काढायला दुसरा गेला. एकाहून अधिक घरांचा आधार गेला.

तुम्ही म्हणाल, गटारात धोका असतोच. पण विहीर, धान्याचे पेव, संडासाची टाकी, यांतही तसाच धोका असतो. तो कसा, ते पाहू.

मोकळ्या हवेच्या शंभर भागांत सुमारे 21 भाग प्राणवायू असतो. त्यावर आपण जगतो. बंद जागी हवा खेळत नाही. पेवातली ज्वारीसुद्धा श्वास घेते बरं! ती प्राणवायू वापरते आणि आपल्या उच्छ्वासातला वायू बाहेर टाकते. हा वायू हवेहून जड. तो तळाशी साचतो. पडीक विहिरीतही तो साचतो. विहिरीत डिझेलचे इंजिन चालवले, तर धुरातला विषारी वायू आत कोंडतो. त्याला रंग नाही, वास नाही.

गटारात मैला कुजतो. त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू निघतो. तो फार झाला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, हवा सुधारली. तिथेच घात होतो.

जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून पाहत. विझला तर उतरत नसत. पण दिवा जळतो म्हणून हवा चांगली, असे समजू नका. विषारी वायूतही दिवा जळत राहतो. गटारात व टाकीत तर दिवा किंवा काडी नेऊच नका. तिथला वायू पेट घेतो, भडका उडतो.

मग काय करावे? आधी विचारा, की उतरल्यावाचून काम होते का? मोटर दोराने वर ओढता येते. टाकी यंत्राने उपसता येते. उतरणे भागच असेल, तर झाकण उघडून पंख्याने तळापर्यंत ताजी हवा सोडावी. वायू मोजण्याच्या यंत्राने हवा तपासावी, आणि काम चालेपर्यंत तपासत राहावे. छाती-खांद्याला पट्टा, पट्ट्याला दोर आणि वर ओढायला माणसे हवीत. यातले एक जरी नसेल, तर उतरू नये.

आता सर्वांत अवघड गोष्ट. आतला माणूस कोसळला, तर मागोमाग उडी घेऊ नका. भाऊ असो की मुलगा, मन धावते. पण तुम्हीही पडलात तर दोघांना कोण काढणार? दोर असेल तर वरूनच ओढा. आरडाओरडा करा. अग्निशमन दलाला 101 वर किंवा 112 वर फोन करा. त्यांच्याकडे श्वासाची साधने असतात.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा संडासाच्या टाकीत सफाईला उतरवणे हा गुन्हा आहे. गटारातील मृत्यूबद्दल 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. पण पैशाने माणूस परत येत नाही.

म्हणून मुकादम म्हणाला, "उतर रे, पाच मिनिटांचं काम आहे," तर सरळ विचारा, "आधी हवा तपासली का?" असे विचारणारा भित्रा नव्हे, तो शहाणा.