जीपचा पुढचा तुंबा

बैलगाडीचे चाक ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला मोटारीचा हब समजावून घेण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत. गाडीच्या चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो, त्यात आरे बसविलेले असतात, आणि तो न फिरणाऱ्या आसावर फिरतो. भार सोसावा आणि फिरत राहावे, एवढेच त्याचे काम. ओढण्याचे काम बैलांचे. जीपच्या पुढच्या चाकाच्या हबला मात्र दुहेरी चाकरी आहे. त्याने गाडीचे वजनही सोसावयाचे आणि इंजिनाचा पीळही चाकापर्यंत पोचवावयाचा. तो मोडला म्हणजे यांपैकी कोणती चाकरी मोडली, हे आधी पाहावे.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप अमेरिकन सैन्याच्या दप्तरी 'पाव टनाचा ट्रक' म्हणून नोंदलेली होती. पुढे महिंद्रांनी मुंबईत जीपची जोडणी सुरू केली आणि तिच्या वंशातील गाड्या आपल्या घाटांत व शेतवाटांवर ओळखीच्या झाल्या.

तिच्या पुढच्या आसाच्या टोकाशी एक पोकळ, न फिरणारा दांडा असतो. त्यावर दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांच्या आधाराने हब फिरतो. पोकळीतून शाफ्ट बाहेर येतो. त्याच्या दात्यांवर एक फ्लँज, म्हणजे जाड चकती, बसते आणि ती सहा बोल्टांनी हबच्या तोंडावर आवळलेली असते. हे बोल्ट तुटले तर चाक निखळत नाही, फक्त त्याला ओढ मिळत नाही. पण हबचे ओतीव अंग तडकले किंवा बेअरिंगचा नट सुटला, तर चाक गाडीला सोडून जाऊ शकते. पहिली गोष्ट गैरसोयीची, दुसरी जिवावरची.

बहुधा तुटतात ते बोल्ट. मग कोणीतरी सुचवितो, 'जाड बोल्ट घाला.' पण पीळ मुख्यतः बोल्टांच्या अंगातून जावयाचा नसतो; तो चकती व हब यांच्या दाबलेल्या तोंडांमधील घर्षणातून जावयाचा असतो. बोल्टाने फक्त घट्ट दाबून धरावयाचे. हिशेब करून पाहू. चांगल्या पोलादाचा ८ मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला, तर सुमारे १,५०० किलोच्या जोराने दाबतो. सहांचे ९,००० झाले. घर्षण त्याच्या १५ टक्के धरले तर १,३५० किलो. बोल्टांचे वर्तुळ मध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर असेल, तर पेलणारा पीळ ६० किलोग्रॅम-मीटर. आता इंजिनाकडून या. त्या विलिस जीपच्या इंजिनाचा पीळ सुमारे साडेचौदा. सर्वांत खालच्या गिअरात तो सुमारे २५ पट होतो. चार चाकांत सारखा वाटला आणि वाटेतील घट वजा केली, तरी प्रत्येकी ८० च्या घरात!

म्हणजे चढावर चकती केसभर सरकते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. बोल्ट थकतो. तुटलेले तोंड पाहा: एका बाजूला ओहोटीच्या वाळूवर उमटतात तशा रेषा दिसतील, ती हळूहळू वाढलेली भेग, उरलेला खरबरीत भाग शेवटच्या क्षणाचा.

म्हणून एक बोल्ट तुटला तरी सहाही बदलावेत. उरलेल्या पाचांनीही तेच सोसलेले असते. दोन्ही तोंडे ग्रीस पुसून स्वच्छ करावीत. मध्ये कागदी गॅस्केट असेल तर ती पातळच हवी. जाड गॅस्केट दबत जाते आणि आवळ सैल पडते. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, टॉर्क पान्याने आवळावेत. खरी बळकटी हवी असेल, तर चकती व हब एकत्र धरून दोन भोके आरपार रीमरने साफ करून त्यांत कडक पोलादाच्या पिना ठोकाव्यात. मग सरकण्याला अडसर पिनांचा आणि दाबणे बोल्टांचे. मात्र भोक कडेजवळ गेले तर हबच दुबळा होईल.

तडकलेला हब वेल्डिंग करून देणारा कारागीर भेटतोच. त्याला नम्रपणे नकार द्यावा. सांध्याशेजारची ओतीव धातू उष्णतेने ठिसूळ होते आणि बेअरिंगची बैठक वाकडी होते.

बळकटीलाही मर्यादा ठेवावी. बोल्ट न तुटले तर पीळ पुढचा दुबळा दुवा शोधतो, आणि तो बहुधा शाफ्टवरचा आतला सांधा असतो. बोल्ट वाटेवर बदलता येतात. त्या सांध्यासाठी सारे उघडावे लागते.

शेवटी बेअरिंगचा नट. चाक हाताने फिरवीत तो आवळावा, मग किंचित मागे घ्यावा, म्हणजे चाक मोकळे फिरेल पण डुलणार नाही. लॉक वॉशरचा कान विसरू नये. पाच-सहा मैल गेल्यावर हबला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट फार आवळला आहे.