पोरगं बरं झालं, पण पहिल्यासारखं झालं का?

‘‘रिपोर्ट सगळे चांगले आलेत, बाई. पण पोरगा पहिल्यासारखा नाही राहिला.’’

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई हे सांगत होती. संक्रांतीला पतंग उडवताना तो गच्चीवरून पडला, डोक्याला जबर मार लागला. आता चालतो, बोलतो, जेवतो. पाहुणे म्हणतात, ‘देवाची कृपा!’ आणि मी मात्र त्याच्या वहीवर ‘लक्ष नाही’ असा लाल शेरा मारत होते.

दुसऱ्या दिवशी त्यालाच जवळ घेऊन विचारलं. म्हणाला, ‘‘बाई, सारे जण एकदम बोलले का मले काहीच समजत नाही. डोकं भणभणते.’’ मला माझ्या शेऱ्यांची लाज वाटली.

मैत्रिणींनो, डोक्याला मार लागला की दवाखान्यात आधी शुद्ध किती आहे ते पाहतात. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. ही पद्धत ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली मांडली. जीव वाचवायला ती मोलाचीच. पण मूल मित्रांत रमतं का, रात्री दचकतं का, हे ती कशी सांगणार?

त्यासाठी वेगळी मोजणी आहे. जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या ‘पेड्सक्यूएल’ प्रश्नावलीत २३ प्रश्न असतात: शरीराचे ८, मनाचे ५, सोबत्यांचे ५ आणि शाळेचे ५. गेल्या महिन्याभरात कोणती अडचण किती वेळा आली, एवढंच विचारतात. गुण ० ते १००. जास्त गुण म्हणजे मुलाचं बरं चाललंय. यातली मोठी गोष्ट अशी, की पाच वर्षांपुढचं मूल स्वतः उत्तरं देतं आणि आईवडील वेगळी देतात. दोन्ही नेहमी जुळत नाहीत. लंगडणारा पाय आपल्याला दिसतो, मनातली भीती दिसत नाही.

गुण काढण्याचं काम डॉक्टरांचं. आपण घरी एक साधी वही करावी. दर रविवारी पाच गोष्टी लिहाव्या: झोप, थकवा व डोकेदुखी, चिडचिड व भीती, खेळायला कोणी बोलावतं का, आणि शाळेत काय जड जातं. मुलाला एकटं बसवून विचारा, त्याचेच शब्द लिहा. अकोल्याचं सर्वोपचार असो, अमरावतीचं इर्विन असो की तुमचे नेहमीचे डॉक्टर, वही सोबत न्या. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा न उतरणारी गुंगी दिसली, तर मात्र वही राहू द्या, ताबडतोब दवाखाना गाठा.

शाळेतही सांगा. पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना आणि मधे थोडी विश्रांती, एवढ्यानंही फरक पडतो. काही अडचणी तर दोन-चार वर्षांनी, अभ्यास वाढल्यावर वर येतात. म्हणून जुने कागद रद्दीत घालू नका.

आणि मार लागूच नये म्हणून? गच्चीला कठडा हवा. स्कूटरवर चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानंच सक्तीचं आहे.

जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत झाला, गिनीज बुकात नोंद झाली. रस्त्याची मिनिटं मोजली गेली. आपल्या लेकराचा आठवडा कसा गेला, हे मोजायला आपल्याला रविवारची दहा मिनिटं काढता येणार नाहीत का?