वऱ्हाडांतील दोन शहरें आणि पोलिसांचा कारभार

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडांतील कापसाच्या दोन जुन्या पेठा. दोन्ही शहरांत ‘सिटी कोतवाली’ नांवाचें ठाणें आहे. शिपाई, हवालदार, फौजदार, निरीक्षक ही हुद्द्यांची चढणहि एकच. ठाणे अंमलदारानें फिर्याद ऐकून प्रथम खबर नोंदवावी व तिची नक्कल फिर्यादीस विनामूल्य द्यावी, हा नियमहि दोन्हीकडे सारखाच. मग भेद कोठें आहे? तो ठाण्याच्या वरच्या पायरीवर आहे.

अकोल्यास शहर आणि खेडीं मिळून एकच पोलिस अधीक्षक असतो. अमरावती शहरास मात्र स्वतंत्र पोलिस आयुक्त असून भोंवतालच्या मुलुखासाठीं ग्रामीण अधीक्षक निराळा आहे. अधीक्षकाची व्यवस्था १८६१ च्या कायद्यानें घालून दिली. त्यांत पोलिसांवर जिल्हा दंडाधिकाऱ्याचा सामान्य अंकुश ठेवला होता. आयुक्ताची पद्धत मोठ्या इलाखा-शहरांतून आली. मुंबईस ती १८६४ सालीं सुरू झाली.

हा फरक केवळ नांवाचा नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्यें अमरावतींत दंगल उसळली, तेव्हां जमावबंदीचा हुकूम पोलिस आयुक्तालयानेंच काढला. मे २०२३ मध्यें अकोल्याच्या जुन्या शहरांत तोच प्रसंग आला, तेव्हां हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा होता. पोलिसांनीं तो अंमलांत आणला.

हद्दपारीचेंहि तसेंच. १९५१ च्या पोलिस कायद्यान्वयें एखाद्या इसमास दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवितां येतें. अकोल्यांत पोलिस प्रस्ताव पाठवितात आणि महसूल खात्यांतील दंडाधिकारी त्या इसमाचें म्हणणें ऐकून निर्णय देतो. अमरावतींत प्रस्ताव करणारा आणि निर्णय देणारा, दोघेहि पोलिसच.

एका हातीं अधिकार असला म्हणजे हुकूम त्वरित निघतो. दंगलीच्या रात्रीं घटकाभराचा विलंबहि महाग पडतो. उलट, अधिकार दोन हातीं असला म्हणजे काठी धरणाऱ्यास दुसऱ्या कोणास तरी कारण पटवून द्यावें लागतें. निरपराधाचें रक्षण पुष्कळदां या पटवून देण्यांतच असतें.

सामान्य माणसानें एवढें ध्यानांत ठेवावें. ठाण्यांत फिर्याद न घेतली गेल्यास अकोल्यांत अधीक्षकाकडे व अमरावतींत आयुक्तालयाकडे लेखी अर्ज करावा. तेथेंहि दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याचें दार आहे, आणि तें दोन्ही शहरांत पोलिसांच्या हाताबाहेरचें आहे.