जपानमध्ये महिनाभर: घर आणि वायफाय

टोकियो-ओसाकात महिनाभर राहायचं असेल तर सामानासकट भाड्याने मिळणारी छोटी सदनिका, म्हणजे ‘मंथली मॅन्शन’, सोयीची पडते. ‘मिनपाकू’, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने दिलेलं खासगी घर, घेत असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते आधी पाहा. जून २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत घरात वर्षाला १८० दिवसच पाहुणे ठेवता येतात.

‘वायफाय आहे’ एवढ्या उत्तरावर मात्र अजिबात विसंबू नका. फायबर थेट खोलीत आलंय, साऱ्या इमारतीत एकच लाइन वाटलीय, की टेबलावर नुसतं ‘पॉकेट वायफाय’ ठेवलंय, हे स्पष्ट विचारा. पॉकेट वायफायला बरेचदा डेटाची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग कोसळतो. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट रात्रीचाच मागा. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे पुण्यातली संध्याकाळी सहाची मीटिंग तिथे रात्री साडेनऊला येते, आणि सामायिक लाइनवर गर्दीही त्याच सुमारास असते. व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी अपलोडचा आकडाही बघावा.

वीजदाब १०० व्होल्ट. चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असेल तर दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर पुरतो.