जनाची आणि मनाची : ‘लाज’ या शब्दाचा अर्थविचार

मराठी समीक्षालेखनात ‘लज्जा’, ‘अपराधभाव’, ‘अपमान’ आणि ‘संकोच’ या संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. एखाद्या आत्मकथनातील निवेदकाची ‘लज्जा’ आणि त्याचा ‘अपराधभाव’ एकाच वाक्यात असे जोडून येतात, की ती एकाच भावस्थितीची दोन नावे आहेत असा वाचकाचा समज व्हावा. व्यवहारातील मराठी या बाबतीत अधिक काटेकोर आहे. कोणत्या नामाबरोबर कोणते क्रियापद जुळते आणि कोणते जुळत नाही, हे पाहिले तरी या शब्दांमधील सीमारेषा स्पष्ट होऊ लागतात. त्या रेषा आखणे आणि साहित्याच्या वाचनात त्यांचा उपयोग कोणता हे दाखवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ ‘लाज’ या शब्दापासूनच करणे योग्य. मराठीत लाज ‘वाटते’, लाज ‘असते’ आणि लाज ‘जाते’. ही तीन क्रियापदे तीन वेगळे अर्थ सूचित करतात. ‘त्याला लाज वाटली’ या वाक्यात एखादी गोष्ट घडून गेल्यानंतरची तात्कालिक भावस्थिती आहे. ‘त्याला लाज आहे’ या वाक्यात कृतीच्या आधीच उभी असलेली, माणसाला आवरून धरणारी स्थायी वृत्ती आहे. ज्याला लाज ‘आहे’, त्याच्यावर लाज ‘वाटण्याचे’ प्रसंग कमी येतात. आणि ज्याला ती नाही तो ‘निर्लज्ज’ ठरतो, कारण त्याला ती वाटतही नाही. ‘लाज गेली’, ‘लाज राखली’, ‘चारचौघांत लाज काढली’ या प्रयोगांत मात्र लाज ही भावना राहत नाही. ती दुसऱ्याच्या हाती असलेली, तो राखू किंवा घालवू शकेल अशी वस्तू होते. विशेषणांतही हाच भेद उमटतो. ‘लाजरा’ हा स्वभाव आहे, ‘लाजिरवाणा’ हा प्रसंग आहे, आणि ‘निर्लज्ज’ हा नैतिक निवाडा आहे.

या अर्थभेदांना संस्कृत परंपरेत आधार आहे. ‘अमरकोशा’त मन्दाक्ष, ह्री, त्रपा, व्रीडा आणि लज्जा हे शब्द एकत्र देऊन, तीच भावना इतरांमुळे उत्पन्न झाली असता तिला ‘अपत्रपा’ म्हणावे, असे सांगितले आहे. पर्यायशब्दांची यादी देणाऱ्या कोशकारालाही येथे एक भेद नोंदवावासा वाटला, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘नाट्यशास्त्रा’तील तेहेतीस व्यभिचारी भावांत ‘व्रीडा’ येते. न करण्याजोगे केल्यातून ती उद्भवते. मान खाली घालणे, तोंड लपवणे, जमिनीवर रेघोट्या ओढणे, नखे कुरतडणे हे तिचे अनुभाव सांगितले आहेत. ही अर्थातच ‘वाटणारी’ लाज होय. उलट भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीमध्ये गणलेली ‘ह्री’ ही ‘असणारी’ लाज आहे. ती प्रसंगाने येत नाही; ती गुण म्हणून अंगी असते.

बौद्ध परंपरेने हा विचार आणखी पुढे नेला. पालीतील ‘हिरी’ आणि ‘ओत्तप्प’ ही जोडी प्रसिद्ध आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या विवेचनानुसार हिरीचा उगम स्वतःविषयीच्या आदरात असतो, तर ओत्तप्पाचा उगम इतरांविषयीच्या आदरात. दोन्ही माणसाला पापापासून परावृत्त करतात. भेद आहे तो साक्षीदाराचा. मराठी माणसाने हे ग्रंथ वाचले असोत वा नसोत, हा भेद त्याच्या भाषेत रुजलेला आहे. ‘जनाची नाही, तर मनाची तरी लाज बाळग’ असे म्हणणारी व्यक्ती नकळत तेच वर्गीकरण करीत असते. येथे ‘बाळगणे’ हे क्रियापदही अर्थपूर्ण आहे. लाज ही जपून सांभाळण्याची गोष्ट मानली गेली आहे.

आता जवळच्या शब्दांकडे वळता येईल. ‘शरम’ हा फार्सीतून आलेला शब्द. हिंदीत ‘शर्माना’ हे क्रियापद नववधूच्या लाजण्यालाही चालते. मराठीत नववधू ‘लाजते’. ‘शरमते’ म्हटले, तर तिच्या हातून काही गैर घडले असावे असे वाटते. म्हणजे मराठीने लाजेतील कोमल छटा ‘लाजणे’ या क्रियापदाकडे ठेवली आणि ‘शरम’ या शब्दाकडे दोषाची, कानउघाडणीची छटा सोपवली. ‘संकोच’ या शब्दात दोष अजिबात नाही. मूळ अर्थ आकसणे. माणूस परक्या घरी मागून घ्यायला संकोचतो, त्याने काही चुकीचे केलेले नसते. म्हणूनच यजमान ‘संकोच करू नका’ असे सहज म्हणू शकतो. ‘भीड’ या शब्दाला मात्र नेहमी एक विशिष्ट माणूस लागतो. भीड कोणाची तरी असते, ती पडते, ती चेपते, आणि तिच्यापायी नकार देता येत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण या असमर्थतेवरच बोट ठेवते. ‘वरमणे’, ‘खजील होणे’ आणि ‘ओशाळणे’ या लाज वाटण्याच्याच क्षणिक अवस्था आहेत. त्यांतही ओशाळणाऱ्या माणसाला समोरच्याने केलेला उपकार किंवा दाखवलेला चांगुलपणा अनेकदा बोचत असतो.

‘अब्रू’, ‘नामुष्की’ आणि ‘अपमान’ यांचा गट निराळा. ‘अब्रू’ या फार्सी शब्दाचा मूळ अर्थ ‘चेहऱ्याचे पाणी’, म्हणजे तेज. ती पूर्णतः सार्वजनिक आहे; एकांतात अब्रू जात नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात कर्जापायी कुटुंबाची अवहेलना होते, तेव्हा त्या प्रकरणाला ‘अब्रूचे धिंडवडे’ हे शीर्षक दिलेले आहे. तेथे आईच्या हातून काहीच गैर घडलेले नाही, तरी अब्रू जाते. कारण ती एकट्या व्यक्तीची नसून घराची असते. ‘नामुष्की’ही ओढवते ती बहुधा पराभवामुळे वा माघारीमुळे, आणि चारचौघांच्या देखतच. ‘अपमान’ ही घटना आहे. तो कोणीतरी करतो. अपमान झालेला माणूस संतापू शकतो, कारण अपमान करणाराच चुकला असे तो मानू शकतो. लाज वाटलेला माणूस तसा संतापू शकत नाही. त्याने समोरच्याची नजर आपलीशी केलेली असते आणि त्या नजरेने तो स्वतःकडे पाहत असतो.

‘अपराधभाव’ याहून भिन्न आहे. त्याचा विषय कृत्य असतो. लाजेचा विषय बहुधा माणूस स्वतः असतो. अपराधाची कबुली देता येते, भरपाई करता येते, क्षमा मागता येते. लाजेला असे प्रायश्चित्त नाही, कारण जन्म, रूप, दारिद्र्य, आईबापांचा धंदा यांची क्षमा कोणाकडे मागायची? रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानविषयक ग्रंथात लज्जाप्रधान आणि अपराधप्रधान संस्कृती असा भेद मांडला. लज्जा बाह्य निंदेवर अवलंबून असते आणि अपराधभाव आंतरिक असतो, हे त्यामागील गृहीत आहे. ‘मनाची लाज’ हा मराठी प्रयोग या गृहीताला छेद देतो. त्यामुळे मराठी समाजाला सरसकट ‘लज्जाप्रधान’ म्हणून बाजूला सारणे भाषेच्याच साक्षीने अडचणीचे ठरते.

हे भेद ध्यानी धरले म्हणजे काही साहित्यकृती अधिक नेमकेपणाने वाचता येतात. जनाबाईच्या नावे असलेल्या एका सुप्रसिद्ध अभंगात डोईवरचा पदर ढळला असता भरल्या बाजारातून जाण्याचा निर्धार आहे. तेथे सुटते ती जनाची लाज. मनाची लाज सुटलेली नाही, म्हणूनच त्या अभंगातील स्त्रीला निर्लज्ज म्हणता येत नाही. वरवर बेफिकीर वाटणारा तिचा उद्गार भक्तीचा ठरतो.

दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत या भेदाचे महत्त्व सर्वाधिक आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या कृतींच्या संदर्भात निवेदकाचा ‘अपराधभाव’ असा शब्दप्रयोग करणे केवळ सैल नाही, ते अन्यायकारक आहे. ज्याने अपराध केलेलाच नाही, त्याच्या माथी तो शब्दच अपराध मारतो. या निवेदकांच्या वाट्याला बाहेरून आला तो अपमान. बालपणी त्याचा आत गेलेला अंश म्हणजे लाज. लेखन ही तिला पुन्हा बाहेर आणण्याची प्रक्रिया आहे. ‘अक्करमाशी’ हा अनौरस संततीला हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द लेखक स्वतःच मुखपृष्ठावर घेतो, तेव्हा तो शब्द ज्यांनी निर्माण केला त्यांच्याकडे परत जातो. लाज कोणाला वाटायला हवी होती, हा प्रश्न मग वाचकासमोर उभा राहतो. जी लाज निवेदक टाकून देतो ती जनाची. जी तो समाजाकडून मागतो ती मनाची.

अशा वाचनासाठी ‘लज्जा’ हा एकच संस्कृत शब्द समीक्षेला पुरणारा नाही. लाज वाटली की लाज काढली गेली, अपमान झाला की अपराध घडला, भीड पडली की संकोच झाला, हे विचारल्यावाचून भावस्थितीचे वर्णन पूर्ण होत नाही. हे प्रश्न विचारण्यास लागणारे शब्द मराठीत पूर्वीपासूनच आहेत. विद्यार्थ्यांनी पारिभाषिक संज्ञांकडे वळण्याआधी त्यांची क्रियापदे तपासली, तरी निदान पीडिताला अपराधी ठरवणारी चूक टळेल.